खडकीची चकती

विमानतळावर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली जड वस्तू बाहेर काढली आणि हे काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं, पंपाची चकती. कुठे नेताय? पुण्याला. पंप पुण्यात आहे का? नाही, पंप रॉद्रिगला आहे. त्याने चकती उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. रॉद्रिगच्या पंपासाठी कोणी भारतात जातं हे त्याला पटेना. शेवटी त्याने ती परत टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी विमानात बसले.

मॉरिशसमधल्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे, पण कोणी बाहेरचा वाचक असेल तर त्याच्यासाठी थोडं सांगायला हवं. रॉद्रिग हे आपल्या देशाचं धाकटं बेट. पाऊस कमी, ओढे नावापुरते. तिथे समुद्राचं पाणी गोडं करणारं एक लहानसं संयंत्र आहे आणि अकरा वर्षं मी ते चालवते. दोन मोठे पंप समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने गाळणीतून ढकलतात, म्हणजे मीठ मागे राहतं आणि पाणी पुढे येतं. त्यातला एक पंप बंद पडला तेव्हा गावाला एक दिवसाआड येणारं पाणी आठवड्यावर गेलं. शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून मुलांना दुपारीच घरी सोडायला लागले. मी सकाळी कामावर जाताना बायका रिकामे डबे घेऊन उभ्या असायच्या.  ते मला फार लागायचं.

पंप मी उघडला. खरं म्हणजे उघडायची मला परवानगी नव्हती. ज्या युरोपीय कंपनीने तो दिला होता तिचा माणूस वर्षातून एकदा यायचा आणि मला बजावून जायचा की तुम्ही फक्त बटण दाबायचं. आत हाताच्या पंजाएवढी पोलादी चकती होती, तिला राजम्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन खाचा. एका खाचेतून पाणी आत येतं, दुसरीतून दाबाने बाहेर जातं. तिचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट लागतो. कुठूनशी बारीक वाळू आत गेली होती आणि त्या आरशावर ओरखडे उमटले होते. बाकी सगळा पंप ठणठणीत होता. कंपनीचं उत्तर आलं की हा नमुना आम्ही बनवत नाही, चकती सुटी विकत नाही, पंप नवा घ्या; त्याहून बरं म्हणजे संयंत्रच नवं घ्या.

त्याच सुमारास भारत आणि आपला देश यांच्यात आर्थिक आणि तांत्रिक सहकार्याचा करार झाला. हस्तांदोलनाचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. त्या करारात पुण्यात चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाची एक जागा आमच्या खात्याला मिळाली. प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्याला वरिष्ठ चालकाची जागा मिळणार होती. मी अर्ज केला. प्रमाणपत्र मला हवं होतंच, नाही म्हणून खोटं बोलणार नाही. पण पिशवीत चकती होती.

मुंबईहून बसने पुण्यात उतरले तेव्हा दुपार होती. हवा कोरडी, इतकी कोरडी की ओठ फुटले. अकरा वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या माणसाला ही हवा अपुरी वाटते, जेवणात मीठ विसरल्यासारखी. माझी राहायची सोय विश्रांतवाडीला होती. आळंदी रस्त्याच्या कडेला तीन मजली इमारत, खाली औषधांचं दुकान, शेजारी 'अमृततुल्य' (चहाच्या दुकानाला इथे असं म्हणतात, आणि चहा खरोखरच फार गोड असतो). चहावाल्याने माझं मराठी ऐकून विचारलं की तुम्ही कोकणातल्या का. मी म्हटलं, हो, पण दीडशे वर्षांपूर्वी. तो हसला नाही. बरेच दिवस झाले, एवढंच म्हणाला.

प्रशिक्षण संस्थेत पहिल्या दिवशी नावनोंदणीला साठे सर होते. प्रशिक्षणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. किरकोळ बांधा, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलणं मोजून मापून.

"आपलं आडनाव?"

"गणू."

"ते नाव झालं. मी आडनाव विचारतोय."

मी समजावून सांगितलं की आमचे मूळपुरुष गणू नावाचे होते, बोटीतून उतरल्यावर कारकुनाने नाव विचारलं आणि तेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. आपल्याकडे निम्म्या मराठी घरांची हीच गोष्ट.

"म्हणजे कारकुनाची चूक पाच पिढ्या चालू आहे," साठे सर म्हणाले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: श्रीमती मालती गणू.

वर्गात आम्ही बारा जण होतो, वेगवेगळ्या देशांचे. पडद्यावर चित्रं, हातात जाड पुस्तक. पाण्याचं व्यवस्थापन, नियोजन, अहवाल कसा लिहावा. शिकवणारे हुशार होते, पण चार दिवसांत कोणी एका पान्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी साठे सरांच्या टेबलावर चकती ठेवली आणि ही कुठे बनवून मिळेल, असं विचारलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "करारात प्रशिक्षण आहे, मॅडम. सुटे भाग नाहीत."

मी विचारलं, मग तांत्रिक सहकार्य म्हणजे नक्की काय? ते म्हणाले, पान चारवर दिलं आहे, वाचून घ्या. मी रात्री वाचलं. दोन्ही देशांनी एकमेकांच्या गरजा ओळखून ज्ञानाची देवाणघेवाण करावी, अशा अर्थाचं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पानावर चकती ठेवली. म्हटलं, ही आमची गरज.

"दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल करणं आमच्या धोरणात बसत नाही."

"जी वस्तू ते विकतच नाहीत, जिचं पेटंटही त्यांनीच सोडून दिलंय, तिची चोरी कशी होईल, सर?"

पेटंटचं मी आधीच तपासून आले होते. साठे सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले की आपल्याला पुढच्या तासाला उशीर होतोय. मी चकती उचलली आणि वर्गात गेले, पण त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

आठवड्याच्या शेवटी आम्हाला पंपांचा एक मोठा कारखाना दाखवायला नेलं. पिवळ्या रेषेच्या अलीकडून सगळं पाहायचं. मी तिथल्या व्यवस्थापकांना चकती दाखवली. ते सभ्यपणे म्हणाले की आम्ही हजारांनी बनवतो, एक बनवत नाही. पण बाहेर पडताना यंत्रावरचा एक वयस्क कामगार माझ्याजवळ आला. त्याने रेषेपलीकडूनच चकती हातात घेऊन उजेडात धरली आणि हळू आवाजात सांगितलं की असलं काम करणारा माणूस खडकीत आहे, तांबोळी म्हणून. बाजारात कोणालाही विचारा.

रविवारी मी रिक्षात बसले आणि खडकी म्हटलं. आता आपल्या लोकांचा 'ड' कसा 'र'कडे झुकतो ते तुम्हाला माहीत आहे. घरात क्रेओल (फ्रेंचमधून झालेली आपली बोली), मराठी शाळेत आणि देवळात. रिक्षा चालत राहिली. काचेच्या उंच इमारती लागल्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मुलं रस्त्याने चालत होती. हा बाजार दिसत नाही म्हणून मी विचारलं तेव्हा रिक्षावाला म्हणाला, खराडी आली की. खराडी शहराच्या एका टोकाला, खडकी दुसऱ्या बाजूला. त्याने मागे वळून मला तीनदा 'खडकी' म्हणायला लावलं, मग रिक्षा वळवली. वाटेत त्याने माझ्याकडून 'बाळ' आणि 'डाळ' सुद्धा म्हणवून घेतलं. माझी भाषा इतक्या मन लावून यापूर्वी कोणी दुरुस्त केली नव्हती.

तांबोळींचं वर्कशॉप खडकी बाजारामागच्या गल्लीत होतं. पत्र्याचं छप्पर, तीन यंत्रं, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. तो वास आला आणि परदेशात असल्याची जाणीव पहिल्यांदा गेली. रहीम तांबोळी सत्तरीचे. तिथल्याच सरकारी कारखान्यात आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले. वर्कशॉप आता त्यांची मुलगी शबाना चालवते. इंजिनिअर आहे, पस्तिशीची. घराणं पुण्यात कधीपासून आहे म्हणून मी विचारलं, तर तांबोळीकाका म्हणाले, पेशव्यांना विचारावं लागेल.

त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून. "वाळू," म्हणाले.

मी पंपाची सगळी हकीकत सांगितली. शबानाने मापं घेतली, कागदावर आकृती काढली. काका म्हणाले, दोन दिवसांत देतो, चांगल्यातल्या स्टेनलेसमध्ये. मी नको म्हटलं. साधं स्टेनलेस समुद्रात टिकत नाही, वेगळं पोलाद लागतं. काकांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"ताई, या हातांनी जे बनवलं ते कुठे कुठे गेलं हे सांगायची मला परवानगी नाही. पण त्यातलं परत काही आलं नाही."

"काका, समुद्रसुद्धा परत काही पाठवत नाही. तो खाऊन टाकतो."

ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. मी पाहुणी, त्यांच्या दारात येऊन त्यांच्या हुन्नराला नावं ठेवली. पण मी खोटं बोलले नव्हते, आणि तिकडे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना माझ्या भिडेचा काही उपयोग नव्हता. मी बसून राहिले.

शबानाच बोलली. रत्नागिरीकडच्या कोळंबीच्या तलावांना ती पंपांचे भाग पुरवते. वर्षभरात ते परत येतात, बारीक खड्डे पडलेले. आजपर्यंत तिला वाटायचं की ते लोक निगा राखत नाहीत. तिने विचारलं की तुमचं म्हणणं सिद्ध करून दाखवता येईल का? मी म्हटलं, बादलीभर समुद्र लागेल.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी मंडईत गेले. भाज्यांचे ढीग, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल, आणि कडेला मीठ-मसाल्याची दुकानं. मी पाच किलो खडेमीठ मागितलं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, लोणचं घालताय का? मी म्हटलं, नाही, समुद्राचं पाणी करायचंय.

"का, समुद्र आटला का?" त्या म्हणाल्या, आणि मीठ तोलून दिलं.

वर्कशॉपमध्ये मी बादलीत मीठ विरघळवलं आणि चव घेतली. अजून थोडं. पुन्हा चव घेतली. शबानाने नंतर मोजून पाहिलं. खऱ्या समुद्राच्या अगदी जवळ होतं. कोमट पाणी राहावं म्हणून माशांच्या टाकीतला हीटर लावला. काकांच्या पसंतीच्या स्टेनलेसचा एक तुकडा आणि मी सांगितलेल्या पोलादाचा, कुठूनतरी मिळवलेला नखाएवढा तुकडा, दोन्हींवर रबराचं कडं घट्ट बसवून पाण्यात सोडले. समुद्र उघड्यावर वार करत नाही. जिथे दोन वस्तू घट्ट चिकटतात तिथे आत शिरून कुरतडतो. हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नाही. अकरा वर्षं बोल्ट बदलून कळलं आहे. काका लांबून पाहत होते, पण रोज सकाळी पाणी तेच बदलायचे, हे मला शबानाने सांगितलं.

त्या आठ-दहा दिवसांत माझी हजेरी कमी पडायला लागली. दुपारचे तास बुडवून मी खडकीला जायची. तिथे शबानाचा डबा आम्ही दोघी वाटून खायचो: भाकरी, खिमा, हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या दिवशी ठेच्याने माझे डोळे भरून आले आणि तिला वाटलं मला घरची आठवण आली. मग तिला आपल्या डोलपुरीबद्दल (चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी) सांगितलं. ती म्हणाली, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी.

आमच्या व्यवस्थापकांचा फोन आला. साठे सरांनी कळवलं असावं. ते म्हणाले की नव्या संयंत्राचा प्रस्ताव पुढे गेला आहे, तू चकतीच्या नादात पडू नकोस, वर्गात बस आणि प्रमाणपत्र घेऊन ये. मी विचारलं, नवं संयंत्र कधी येईल? ते म्हणाले, लवकर. मी विचारलं, लवकर म्हणजे शाळेच्या पुढच्या सत्रापर्यंत? त्यांनी पुन्हा वर्गाचाच विषय काढला. मी म्हटलं, मग मी माझं काम करते, तुम्ही तुमचं करा. अकरा वर्षांत त्यांच्याशी असं बोलले नव्हते. फोन ठेवला आणि खडकीची रिक्षा पकडली.

नवव्या दिवशी शबानाने रबराची कडी काढली. माझं पोलाद जसंच्या तसं होतं. काकांच्या तुकड्यावर कड्याच्या खाली, जिथे पाणी अडकून राहिलं होतं, तिथे सुईच्या टोकाएवढे तीन खड्डे पडले होते, भोवती तांबूस डाग. काकांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एका वयानंतर माणसाला आपली चूक अशी उजेडात धरून बघणं किती जड जात असेल, ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही.

"समुद्र तुमचा, ताई," ते शेवटी म्हणाले. "लोखंड माझं. आता सांगा काय करायचं."

आता ते पोलाद हवं होतं, पंजाएवढ्या रुंदीच्या ठोकळ्यात. शबानाने दिवसभर फोन केले. सगळे म्हणत, टनाने घ्या. मी साठे सरांकडे गेले. त्यांना तीन खड्डे पडलेला तुकडा दाखवला आणि काय काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, आपण गेल्या आठवड्यात चार तास बुडवलेत. मी म्हटलं, पाच. त्यांनी वहीत दुरुस्ती केली.

दोन दिवसांनी ते खडकीच्या गल्लीत स्कूटरवरून आले. पायापाशी गोणपाटात गुंडाळलेला पोलादाचा ठोकळा होता. कोणत्यातरी ओळखीच्या कारखान्यात उरलेला तुकडा, मालकाला विचारून आणलेला.

"संस्थेचा याच्याशी संबंध नाही," ते म्हणाले. "माझाही नाही. असलाच तर स्कूटरचा."

चहा घ्यायला थांबले नाहीत. शबाना त्यांच्या पाठमोऱ्या स्कूटरकडे पाहत म्हणाली, पुण्यात मदत अशीच मिळते, तोंड वाकडं करून.

ठोकळ्यातून तीन चकत्या निघाल्या. यंत्राचं काम शबानाने केलं. ते पोलाद फार चिवट. दोन हत्यारं मोडली, एकदा पहाटेपासून केलेलं काम वाया गेलं आणि ती पाना आपटून बाहेर जाऊन उभी राहिली. मग परत आली. यंत्राचं काम झाल्यावर खरं काम उरलं होतं, ते म्हणजे आरसा. बिडाचा एक जड सपाट पाटा, त्यावर धारदार पूड मिसळलेला लेप, आणि त्यावर चकती हाताने घासायची, मराठी चारच्या आकड्यासारखी वळणं घेत. काका बसले. त्यांचा हात पाण्यावरून फिरावा तसा फिरत होता. मी थोडा वेळ पाहिलं आणि म्हटलं, मला शिकवा.

ते म्हणाले, तिन्ही करून देतो, तुम्ही घेऊन जा. मी म्हटलं, आमच्याकडे वाळू संपणार नाही, काका. चौथी चकती लागेल तेव्हा तुम्ही कुठे, मी कुठे. त्यांनी मला जागा करून दिली.

शेवटचे पाच दिवस मी पाट्यासमोर होते. दंड भरून यायचे, बोटांची कातडी सोलली. मी दाब एका बाजूला देत होते. काका नुसते माझ्या खांद्याला हात लावायचे, म्हणजे कळायचं. ते म्हणायचे की हाताने ढकलू नका, वजनाला जाऊ द्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी साठे सरांनी फोन करून सांगितलं की उद्या अकरा वाजता पेपर आहे, आला नाहीत तर प्रमाणपत्र मिळणार नाही. माझी चकती अजून सपाट नव्हती आणि परवा माझं विमान होतं. मी पाट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. वरिष्ठ चालकाच्या जागेचा विचार मनात आला नाही असं नाही. अकरा वर्षांत ती जागा एकदाच निघाली होती.

मी पेपरला गेले नाही. त्या दिवशी दुपारी चार वाजता काकांनी माझ्या चकतीवर एक सपाट काच ठेवली, तिच्यावर विशिष्ट दिव्याचा उजेड धरला आणि उजेडाच्या रेषा सरळ पडल्या, म्हणजे चकती सपाट झाली होती. काका उठले. आत जाऊन तो बिडाचा पाटा पुसून, तेल लावून, गोणपाटात बांधून माझ्यापुढे ठेवला. माझ्या सामानात कपड्यांपेक्षा लोखंडाचं वजन जास्त झालं. निम्म्या साड्या मी शबानाला देऊन आले.

बेटावर परतले त्या आठवड्यात पंप बसवला. व्यवस्थापक हात मागे बांधून उभे होते. बटण दाबलं, दाबमापकाचा काटा चढला, अर्ध्यावर जाऊन थरथरला आणि खाली आला. मी बसवलेली चकती काकांनी केलेली होती. प्रवासात कुठेतरी तिच्या कडेला ठेच लागली होती. व्यवस्थापक म्हणाले की बघितलंस?  मी पंप पुन्हा उघडला. बाकीच्या दोन जादाच्या म्हणून राहाव्यात, यासाठी तीच चकती पाट्यावर घेतली आणि दोन दिवस घासत बसले. लोक येऊन पाहून जात. तिसऱ्या दिवशी काटा चढला, जिथे जायला हवा तिथे गेला आणि तिथेच थांबला. संध्याकाळी शाळेच्या मागच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी तिथेच पायरीवर बसून तो ऐकत राहिले.

वरिष्ठ चालकाची जागा दुसऱ्याला मिळाली. तो चांगला माणूस आहे, त्याच्याकडे दुसऱ्या एका प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. पाट्यावर चकती कशी घासायची ते आता मी त्याला शिकवते आहे. शबानाने तिकडे कोळंबीवाल्यांचे भाग नव्या पोलादात करायला घेतले आहेत, आणि वर्कशॉपच्या कोपऱ्यात मिठाच्या पाण्याची बादली कायमची ठेवली आहे. कोणतंही काम समुद्राकडे पाठवायचं तर काका आधी त्या बादलीला विचारतात, असं ती सांगते. पाणी पुरेसं खारट आहे ना हे तपासायला ती मला फोन करते. मी म्हणते, चव घे.

पुण्याहून मी काय आणलं असं लोक विचारतात. आपल्याला लहान देश म्हणून कोणीतरी कायम देणारा लागतो आणि आपण हात पसरून घ्यायचं, अशी आपलीच सवय झाली आहे. खडकीच्या त्या पत्र्याखाली कोणी कोणाला दिलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना लोखंड कळत होतं, मला मीठ कळत होतं. दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं ऐकायला जड गेलं. करारावर सह्या करणाऱ्यांना ही जागा माहीत नाही, आणि माहीत नसली तरी बिघडत नाही.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस आला, नेहमीच्या तपासणीला. दोन्ही पंप चालू पाहून तो थांबला. कोणाच्या परवानगीने उघडला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पंप आमचा आहे. मग त्याला चकती पाहायची होती. मी जादाची काढून दिली. त्याने ती तज्ज्ञाच्या हाताने फिरवली, उजेडात तिरपी धरली, आणि त्याचा चेहरा बदलला. सपाटपणा त्याला कळत होता, तेवढं मी त्याला मानते. मग कडेला कोरलेल्या बारीक अक्षरांवर त्याचं बोट थांबलं. निघायच्या दिवशी शबानाने तिन्ही चकत्यांवर ती कोरली होती: खडकी, रॉद्रिग.

हे कोणत्या कंपनीचं नाव आहे, असं त्याने विचारलं.

"नाव नाही," मी म्हटलं. "पत्ता आहे. पुढच्या वेळी काही अडलं तर तुम्हीही तिथे विचारू शकता."